तळमजल्यावरचे शेजारी

डोंबिवलीला आमच्या स्नेहदीप सोसायटीच्या दारात रहिवाशांच्या नावांची पाटी होती. तिसरा मजला, दुसरा मजला, पहिला मजला, सगळं रीतसर. आणि सगळ्यात खाली, त्याच पांढऱ्या रंगात, त्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : ‘तळमजला – श्री. दत्तात्रेय’.

आता आमच्या तळमजल्यावर राहतं घर एकही नव्हतं. स्कूटर्स होत्या, पाण्याचा पंप होता, मीटरची खोली होती आणि तिला लागून जाळीच्या दाराचा एक कोनाडा होता. त्यात हातभर उंचीची दत्ताची मूर्ती. पाटीवर हे नाव घातलं ते पहिल्या मजल्यावरच्या परबकाकांनी. रंगाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, हातात ब्रश आला की आवरायचा नाही. सेक्रेटरी जोगळेकरांनी हरकत घेतली, तर काका शांतपणे म्हणाले, “तुम्ही इथे राहता म्हणून तुमचं नाव आहे ना? मग तेही राहतात.”

जोगळेकर वाद घालायला पटाईत, पण तेही पाटी तशीच ठेवून वर गेले.

परबकाका देवाला ‘देव’ म्हणतच नसत. ‘तळमजलेवाले’ म्हणत. पार्किंगमध्ये कुणी हॉर्न दाबला की गॅलरीतून ओरडत, “अरे, खाली माणसं राहतात!” त्यांच्याकडे काहीही मागा, शिडी, स्क्रू ड्रायव्हर, नाहीतर वाटीभर साखर, उत्तर ठरलेलं : “तळमजल्यावर विचारून सांगतो.” आणि खरोखर विचारून येत. बहुतेक वेळा होकार असायचा. एकदा जोगळेकरांनी ड्रिल मशीन मागितलं तेव्हा मात्र खालून नकार आला. दुपारी दोन ते चार खालचे विश्रांती घेतात म्हणे.

मतदार यादी तपासायला आलेल्या एका बाईंनी पाटी वाचून काकांनाच विचारलं, “तळमजल्यावर किती माणसं?”

“एकच. तोंडं तीन आहेत, पण माणूस एकच.”

बाईंनी पेन थांबवलं.

“आणि एक गाय, चार कुत्रे,” काका म्हणाले. “सोसायटीची परवानगी आहे.”

मी जिन्यातच होते. हसू दाबता दाबता माझ्या हातातल्या वह्या खाली पडल्या. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सगळी इमारत मला टीचर म्हणते. देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून जरा कोरडीच आहे. कोनाड्यापाशी चप्पल काढून हात जोडायचे आणि निघायचं, एवढाच आमचा खालच्यांशी संबंध. काकांना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी टोकलं नाही, फक्त अधूनमधून निरोप द्यायचे, “टीचर, खालचे विचारत होते तुम्हाला.”

मग आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. बिल्डरचा माणूस कडक इस्त्रीच्या शर्टात आला होता. कुणाला किती खोल्या, दोन वर्षं भाडं कसं मिळणार, सगळं सांगून झाल्यावर त्याने कोनाड्याकडे बघत म्हटलं, “ही मूर्ती जुनी झालीये. हिचं विसर्जन करा. नव्या बिल्डिंगमध्ये आपण मोठ्ठं मंदिर देतोय. तसं नको असेल तर दोन वर्षं आमच्या गोडाऊनला ठेवू.”

परबकाका उभे राहिले. “आम्हा बावीस बिऱ्हाडांना तुम्ही राहायला जागा देताय. तळमजलेवाल्यांनी कुठे जायचं?”

तो हसला. “काका, त्यांचं नाव ॲग्रीमेंटमध्ये नाही.”

“पाटीवर आहे,” काका म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. पण पाटील उठले. ते इथले मूळचे, ज्या जमिनीवर इमारत उभी होती ती त्यांच्या वडिलांची. “देव गोडावनान ठेवाचा?” ते म्हणाले. “नाय, आपल्याला नाय पटत.” मग प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघायला लागला. एवढी मूर्ती भाड्याच्या घरात न्यायची, तिचं सोवळंओवळं, रोजची पूजा, नैवेद्य! सानेकाकूंच्या सुनेचे दिवस भरत आले होते, जोगळेकर मुलाकडे जाणार होते, आणि मी छताकडे बघत होते. परबकाकांनी एक मिनिट वाट पाहिली आणि म्हणाले, “ठीक आहे. आम्ही दोघं एकत्र राहू.”

घर शोधताना त्यांनी एजंटच्या नाकी नऊ आणले. पूर्वेची खिडकी हवी, संडास लांब हवा, आणि सगळ्यांना येणं सोपं पडेल अशा जागी हवं. “फॅमिली की बॅचलर?” एजंटने विचारलं. काकांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. “दोघं आहोत,” ते म्हणाले. ठाकुर्लीत तळमजल्यावरचं वनरूम-किचन मिळालं. आठ दिवसांनी घरमालकीणबाई नव्या भाडेकरूंच्या पत्नीला हळदीकुंकू लावायला आल्या आणि आत दत्त महाराज बघून ओटी तशीच घेऊन परत गेल्या.

आम्ही कोपरीला गेलो, साने ठाकुर्लीतच दुसऱ्या टोकाला, पाटील शहाडला मेहुण्याकडे. पहिल्या गुरुवारी काकांकडे आरतीला जेमतेम चौघं जण होतो. रिकामी खोली, त्यात रंगाच्या दोन डब्यांवर फळी टाकून बसवलेले दत्त. त्या खोलीत एक साधा पंखासुद्धा नव्हता. सानेकाकूंना गलबलून आलं. “परबभाऊ, वर्गणी काढू या.”

“पैसे नकोत,” काका म्हणाले. “पैसे दिले की माणूस मोकळा होतो. त्यांना राहायला आणलंय, तर घरात जे लागतं ते आणा. आणि एक अट. तुम्हाला स्वतःला हवीशी वाटणारी वस्तू आणा, अडगळ नको.”

मी दुसऱ्या गुरुवारी भिंतीवरचं घड्याळ नेलं. कुणीतरी आम्हाला दिलेलं, खोक्यातच पडून होतं. काकांनी खोकं उघडलं, आतली भेटीची चिठ्ठी वाचली, ‘मिलिंद व सौ. यांस सप्रेम’, आणि खोकं परत माझ्या हातात दिलं.

“टीचर, हे त्यांनी तुम्हाला दिलंय.”

सगळ्यांसमोर! मी तीन आठवडे तिकडे फिरकले नाही. मिलिंदला म्हटलं, देवाला घड्याळ चालतं, या म्हाताऱ्याला चालत नाही. तो शहाणा नवरा असल्यामुळे त्याने खोकं उचलून परत माळ्यावर ठेवलं.

पण बाकीच्यांना काय झालं होतं कोण जाणे. हीच माणसं! टाकी धुवायची वर्गणी मागितली की दाराला आतून कडी लावणारी. सानेकाकूंनी स्वतःचा रोजचा कुकर दिला आणि आठवडाभर पातेल्यात भात शिजवला. जोगळेकर रिक्षात आपली आरामखुर्ची घालून आले, जिच्यावर त्यांनी बायकोलाही कधी बसू दिलं नव्हतं. पाटलांनी आधी पंखा आणला, मग कूलर, मग म्हणाले थंडी आली, आणि दोन ब्लँकेट्स आणली. कुणी मिक्सर, कुणी समया, कुणी सतरंजी. एकाने नवाकोरा टीव्ही आणला. विचारलं तर म्हणाला, “मला सगळ्यात जास्त तोच आवडतो, अट तुमचीच आहे.” ग्रुपवर फोटो पडायचे आणि ज्यांनी अजून दिलं नव्हतं त्यांची झोप उडायची. खोली इतकी भरली की आरतीला उभं राहायला जागा उरेना. दत्तांच्या उजवीकडचं मुख कूलरमागे गेलं.

शेवटी परबकाकांनीच ग्रुपवर लिहिलं : ‘सर्वांना कळकळीची विनंती. कृपया आता काहीही आणू नये. पुरेसं झालं आहे. त्यांना बसायला अडचण होते.’

त्याच संध्याकाळी तिघं जण तीन वस्तू घेऊन आले. ‘मेसेज वाचायच्या आधीच निघालो होतो’ असं तिघांचंही म्हणणं होतं. काका कपाळाला हात लावून बसले. मग टेम्पो मागवला आणि जादाचं सगळं सामान आमच्या जुन्या जागेवर घेऊन गेले. तिथे बांधकामाचे मजूर बायकापोरांसकट पत्र्याच्या खोल्यांत राहत होते. कुकर, ब्लँकेट्स, मिक्सर, सगळं त्यांना वाटून टाकलं. जोगळेकर आरामखुर्चीसाठी थोडे हळहळले. काका म्हणाले, “आपल्या तळमजल्यावर सध्या तेच राहतात ना?”

हे सानेकाकूंनी मला फोनवर सांगितलं. सांगता सांगता त्या रडल्या, आणि माझ्या डोक्यातून ते घड्याळ जाईना. मला राग काकांचा नव्हता, स्वतःचाच होता. कपाटात माझी एक इरकल होती, वांगी रंगाची. भाच्याच्या लग्नासाठी जपून ठेवलेली, एकदाही न नेसलेली. दत्तांच्या मागची भिंत ओल येऊन पोपडली होती. तिथे पडदा हवा होता. तीन दिवस मी ती साडी काढत होते आणि परत ठेवत होते. चौथ्या दिवशी शिवायला टाकली.

पडदा घेऊन गेले तो मंगळवार होता. गुरुवारी सगळ्यांसमोर द्यायची लाज वाटत होती. दार उघडंच होतं आणि आतून काकांचा आवाज येत होता. “गवार आणलीये आज. तुम्हाला आवडते की नाही माहीत नाही, पण स्वस्त होती. मीठ बघा बरं.” मग थोडा वेळ शांतता. “जास्त झालं का? मलाही वाटलंच.”

मी खाकरले. काका स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि जरा ओशाळले. आम्ही दोघांनी मिळून पडदा लावला. त्यांनी साडीचे काठ ओळखले आणि बोटांनी नीट केले. मग पाणी आणायला मी आत गेले, तर ओट्याखाली गुंडाळलेली गादी दिसली. खोली सगळी देवाला दिलेली आणि हा माणूस स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरशेजारी झोपत होता.

“काका, सगळ्यांनी एवढं दिलं,” मी म्हटलं, “पण तुम्ही तर अख्खं घरच दिलंत.”

“छे हो, मी कुठे काय दिलं?” ते म्हणाले. “उलट मला मिळालं. ही गेल्यापासून मी सहा वर्षं डबा खाल्ला, टीचर. एकट्यासाठी कोण फोडणी घालतो? आता त्यांना नैवेद्य लागतो म्हणून रोज गरम करतो, मग मलाही मिळतं. सकाळी उठलो की कुणाला तरी सांगायला असतं, आज पाणी लवकर आलं, आज गुडघा दुखतोय.” मग पडद्याची एक चुणी उगीचच सरळ करत म्हणाले, “माझं द्यायचं अजून राहिलंय. इमारत झाली की द्यायचंय.”

मला आधी कळलंच नाही. ते दत्तांनाच परत द्यायचं म्हणताहेत हे कळलं तेव्हा पाण्याचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. आणि गंमत बघा, ताबा कधी मिळणार म्हणून बिल्डरच्या ऑफिसात दर आठवड्याला फोन करणारा माणूस हाच होता. “ते एकट्या परबाचे नाहीत,” असं म्हणायचा. “सगळ्यांच्यात राहायला हवेत.”

यंदा ताबा मिळाला. नव्या सात मजली इमारतीत खाली खरंच छान मंदिर आहे, काचेचं दार, दिवे, मागे माझी इरकल. आम्ही ठाकुर्लीहून वाजतगाजत गेलो. पाटलांनी ढोल आणले होते. जोगळेकर सत्तरीत नाचले आणि दोन दिवस पडून राहिले. मूर्ती परबकाकांच्या हातात होती. त्यांनी ती चौथऱ्यावर ठेवली, हात काढले, परत लावून बघितले नीट बसली आहे का, आणि मग बाजूला झाले. लोक पुढे सरकले, आरती सुरू झाली, मोदकांची ताटं फिरायला लागली. एवढी आनंदी गर्दी मी आमच्या सोसायटीत कधी पाहिली नव्हती.

गर्दीत काका दिसेनात म्हणून मी वर गेले. त्यांचं नवं घर पहिल्याच मजल्यावर आहे. दोन मोठ्या खोल्या, कोऱ्या भिंती. ते खिडकीपाशी एका पिशवीवर बसले होते. खालची आरती ऐकत टाळ्यांचा ठेका धरला होता, अगदी हलक्या हाताने.

“टीचर, छान जमलंय खाली,” ते म्हणाले. “खूश असतील.” आणि डोळे पुसले.

मला पुष्कळ काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच : “काका, सोमवारी आमच्याकडे जेवायला यायचं.”

खाली जाऊन मी हे सानेकाकूंना सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथे मंगळवार घेतला. पाटलांनी बुधवार आणि रविवार दोन्ही मागितले, त्यावरून थोडं भांडण झालं. वारांची यादी मी केली आणि शुक्रवार जोगळेकरांना मिळाला नाही, म्हणून ते अजून माझ्यावर रुसलेले आहेत.

सोमवारी काका बरोबर आठ वाजता आले. इस्त्रीचा शर्ट, हातात चार केळी. तीन पोळ्या खाल्ल्या, भात दोनदा घेतला. आज लिफ्ट दोनदा बंद पडली, टोमॅटो महागले, गुडघा जरा बरा आहे, असं सगळं सांगत राहिले. मी आणि मिलिंद ऐकत राहिलो. जाताना दारात चपला घालून झाल्या तरी ते थांबले होते. मी म्हटलं, काय हो काका, काही राहिलं का?

“नाही, तसं काही नाही,” ते म्हणाले. “पुढच्या सोमवारी भाजी कसली करणार?”