मुकुंद सर ऑफ!

ऑफिसचा ताण? मी तर तो एका बटणात संपवला!

चाकणच्या एका कंपनीत मी डिस्पॅच बघतो. म्हणजे गाड्या ड्रायव्हर सांभाळतात आणि मी चौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळतो. आंघोळीलाही फोन बादलीशेजारी! शेवटी एच.आर.वाल्यांना आमची दया आली. त्यांनी ताणमुक्तीसाठी पंधरावा ग्रुप काढला!

मग मीच मनावर घेतलं. गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आठला फोन बंद केला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरला.

"पिठात किडे होतील," बायको अरुंधती करवादली.

"होऊ देत! घेतील साहेबांचे फोन!"

अकराला चिखलीतल्या आमच्या दारात प्लँटहेड अण्णासाहेब उभे! हातात गाडीच्या टायरएवढा हार. मागे पेंट शॉपचा नवनाथ, डोळे लाल. त्याच्यामागे दहा-बारा जण. मी बनियनवर, हातात पोह्यांची बशी.

"मुकुंदला कुठे ठेवलंय?" अण्णासाहेबांनी मान खाली घालून मलाच विचारलं.

"ठेवलंय म्हणजे? मीच तो!"

नवनाथ असा किंचाळला, की निम्मे पोहे हारावर!

झालं होतं असं. गेटवर एक गाडी अडकली, म्हणून माझ्या असिस्टंटनं, रणजीतनं फोन केला. लागेना. त्यानं ग्रुपवर टाकलं, 'मुकुंद सर सकाळी आठला ऑफ झाले.' फोन ऑफ हो! पण नवनाथनं लगेच हात जोडलेले दोन इमोजी ठोकले, आणि मग कोण थांबतंय!

"अरे नवनाथ, खात्री तरी करायचीस!"

"केली ना सर! सहा वेळा फोन लावला. जिवंतपणी तुमचा फोन कधी बंद लागलाय का?"

अरुंधतीनं फोन उकरून काढला आणि चालू केला. चारशे बारा श्रद्धांजल्या! अण्णासाहेबांची सर्वांत वर: 'कधीही न भरून येणारी हानी. उद्यापासून त्यांच्या जागी रणजीत.'

"साहेब, इतक्या लवकर?"

"गाड्या थांबतात का रे कुणासाठी?" साहेब हारावरचे पोहे झटकत म्हणाले.

तेवढ्यात लक्षात आलं, एच.आर.नं मला पंधराच्या पंधरा ग्रुपमधून काढून टाकलं होतं! फोन चालू, पण ना टिंग, ना टुंग. खांदे कसे आपोआप सैल पडले.

"आहेस ते बरं झालं," म्हणत अण्णासाहेबांनी तिथंच उभ्या उभ्या एच.आर.ला फोन लावून मला सगळ्या ग्रुपमध्ये परत घ्यायला लावलं.

मध्ये तीन मिनिटं गेली असतील. खोटं कशाला सांगू, मेल्यावर इतकं बरं वाटतं याची मला कल्पनाच नव्हती!