आम्हांला कर लावावा, ही विनंती

माणसाची खरी लायकी त्याने सरकारला किती दिलं यावरून ठरते. स्वतःजवळ किती उरलं हा खासगी प्रश्न आहे. गेल्या साली, म्हणजे १९४३ त, बेळगावात आमच्या गल्लीत सतरा घरं होती. त्यांतली चार इन्कमटॅक्स भरत, दोन भरतो म्हणून सांगत, आणि उरलेली अकरा त्या सहांना आधी नमस्कार करत. आम्ही अकरांत होतो.

माझे वडील, अण्णा, शाळामास्तर. त्यांची मिळकत कराच्या रेघेला वर्षाकाठी दोनशे रुपये कमी पडे. ही उणीव त्यांनी जुन्या दुखण्यासारखी सोसली. (औषध नव्हतं, पथ्य होतं: त्या चार घरांवरून जायचं नाही.) त्यामुळे माझा धाकटा भाऊ शरच्चंद्र लष्करी अधिकारी होण्याच्या शिक्षणाला उत्तरेत गेला आणि त्याला दरमहा तीस रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा अण्णांना मुलाच्या आधी ती रेघ दिसली. कुटुंब अविभक्त; मुलाचे तीस ते कुटुंबाचे. वर्षाचे तीनशे साठ!

अर्ज मी लिहिला. उत्तर आलं: शिष्यवृत्ती ही शिक्षणासाठी मदत असून मिळकत नव्हे; सबब कर माफ.

आम्ही खचलो नाही. माझं अक्षर चांगलं आणि वाचन दांडगं; या दोन दुर्गुणांमुळे फेरअर्ज नऊ पानी झाला. शरच्चंद्र तिथे काहीच शिकत नाही, हे मी त्यात सिद्ध केलं. तो पहाटे पळतो, चिखलात पालथा पडतो आणि काट्याचमच्याने भात खातो. पैकी पळणं आणि पडणं त्याला लहानपणापासून येतं. राहिलं भात खाणं. तेवढ्यापुरते दोन रुपये शिक्षण धरावं, उरलेल्या अठ्ठावीसांवर कर लावावा.

सुनावणीला अण्णा कोट घालून गेले. कागद धरायला मी. दारातला शिपाई मष्णू म्हणाला, "मास्तर, लोकं कर सोडा म्हणून रडत येत्यात. तुमी लावा म्हणून आलाय व्हय? घरात समदं बरं हाय न्हवं?"

साहेबांनी नऊ पानं न वाचता बाजूला सारली. "मास्तर, एवढी हौस आहे तर सांगा, घरात आणखी कोण मिळवतं?"

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. महिना पंचवीस, वर्षाचे तीनशे. रेघ ओलांडून वर शंभर. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

मीही मान हलवली. अर्ज निकालात निघाला.

परत येताना ते म्हणाले, "पद्मा, आण ते कागद इकडे. जड असतील."

परवा अण्णांचे तेरा दिवस झाले. समाचाराला गल्ली लोटली, ती चार घरंसुद्धा. खर्च माझ्या पगारातून झाला. सांगताना मी शरच्चंद्राने पैसे पाठवले असं सांगितलं. (त्याची शिष्यवृत्ती बुटांच्या पॉलिशला पुरत नाही.) "पोरानं नाव काढलं," सगळे म्हणाले. मग तू शाळेत कशाला जातेस, असं तेरा दिवसांत कुणी विचारलं नाही.

वाचकहो, आपण तसे नाही, हे मी जाणते. आपल्या घरची लेक नोकरीला जाते, ती केवळ वेळ जावा म्हणून.