स्वानुभवाची कोथिंबीर

"कोथिंबिरीचे फायदे सगळे छापून झालेत," आरोग्य पुरवणीच्या संपादकबाई म्हणाल्या. "आता स्वानुभव हवा. घरी लावणारं आहे का कोणी?"

मुद्रितशोधकाने हात वर केला आणि मग स्वतःच त्या हाताकडे दचकून बघितलं. अख्खी हयात दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करण्यात गेलेली. स्वतःचं नाव छापून आलं होतं ते फक्त लग्नपत्रिकेत, आणि तेही चुकलेलं. एकदा तरी आपल्या नावाने लेख यावा, एवढीच त्याची इच्छा होती.

घरी येऊन त्याने मसाल्याच्या कपाटातले धणे काढले आणि खिडकीतल्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत पेरले.

"अहो, त्या कुंडीत मी..." बायको म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. कोथिंबिरीवरचे ढीगभर लेख तपासलेत मी."

"आणि ते धणे..."

"माहितीये. जीवनसत्त्वं असतात, पचन सुधारतं. माझ्या हातून आजवर एकच गोष्ट वाढली, चष्म्याचा नंबर. आता बघ."

बायको आत कणीक मळायला गेली. कधी गप्प बसायचं हे तिला चांगलं कळायचं.

आणि खरंच उगवलं की! हिरवंगार, नाजूक, कातरलेल्या पानांचं. गडी हरखला. रोज सकाळी मूठभर पानं खुडायची, मिक्सरमधून काढायची आणि गटागटा प्यायची. नाक धरायची गरज नव्हती, ते सर्दीने बारा महिने चोंदलेलंच असायचं. चव कडवट लागली, तेव्हा औषधी आहे म्हणून त्याने दुप्पट प्यायला सुरुवात केली.

कचेरीत तो बोलायला लागला की लोक अर्धा चहा टाकून उठायचे. "मी डोकं खातो हे कळतं मला," तो म्हणायचा, "पण माझं मलाच आवरत नाही."

लेख त्याने पुन्हापुन्हा लिहून काढला. झोप लागते, पोट साफ होतं आणि मुख्य म्हणजे नजर सुधारते, असं ठासून लिहिलं. संपादकबाईंना लेख आवडला. नावासकट, फोटोसकट छापायचं ठरलं.

फोटोग्राफर घरी आला तेव्हा हा गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाचा कुंडीशेजारी उभा होता. फोटोग्राफरने वाकून वास घेतला. परत घेतला.

"काका, हिला वास कसा नाही?"

"घरची आहे. बाजारातल्यासारखी औषधं नाही मारत आपण."

"बरं, एक रोप मुळासकट उपटा आणि हातात धरा. छान दिसेल."

काकांनी हसऱ्या चेहऱ्याने उपटलं. खाली करंगळीएवढं गाजर लोंबत होतं. तेवढ्यात फोटोग्राफरने बटण दाबलं.

"हे काय?" काकांनी बायकोला विचारलं.

"गाजर. मी पेरलेलं. तुमचे धणे भाजून ठेवलेले होते, ते कसले उगवतायत."

"मग सांगायचं नाही?"

"दोनदा तोंड उघडलं. मध्ये बोलू नकोस म्हणालात. म्हटलं, नजर सुधारली की दिसेल."

तो मटकन खुर्चीत बसला. "आयुष्यात एकदा नाव येणार होतं," तो म्हणाला. "तेही गेलं. माझा हातच तसला."

आता मात्र बायकोला वाईट वाटलं. तिने गाजर धुऊन त्याच्या हातात दिलं. "जाऊ द्या हो. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली."

नाहीतर काय करायचं असतं हे त्याला माहीत होतं. त्याने गाजर मोडलं आणि अर्धं तिला दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने संपादकबाईंना सगळं खरं सांगितलं आणि लेख परत मागितला. त्या फोटोकडे बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. लेख त्यांनी आरोग्य पुरवणीतून काढला आणि रविवारच्या विनोदाच्या पानावर टाकला. फोटोसकट, नावासकट. एक शब्दही बदलला नाही.

प्रूफ अर्थातच त्याच्याकडेच तपासायला आलं. त्याने चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं. चूक एकही नव्हती. नावसुद्धा बरोबर होतं.