लोकर उतरवून सोडून देण्याबाबत

विकुन्या हे आमच्या डोंगरातलं हरणासारखं लाजरं जनावर, रेशमाहून मऊ लोकरीचं. दर चौथ्या वर्षी सगळं गाव हातात हात धरून कडं करतं, कळप मधे कोंडतं, लोकर उतरवतं आणि जनावरं सोडून देतं. स्पेनच्या राजाने साऱ्याच्या वसुलीवर नेमलेले बेल्त्रानसाहेब ही रीत बघून थक्क झाले.

"पकडलेलं सोडता? डोकं ठिकाणावर आहे का?"

"लोकर पुन्हा येते, साहेब," आमचे गावप्रमुख पाउकारआजा म्हणाले.

"मग पुन्हाची पण आत्ताच घ्या!"

त्यानुसार कळप कातड्यासकट सोलण्यात आला. वसुली विक्रमी झाली. एवढी लोकर निघते हे सिद्धच झाल्यामुळे पुढच्या वर्षीचा सारा दुप्पट झाला. कमी पडल्यास गावातले सगळे पुरुष पोटोसीच्या चांदीच्या खाणीत. तिथून आमचं कुणी परतलेलं नाही, माझे दोन्ही भाऊसुद्धा. मला तर अन्नपाणी गोड लागेना.

पुढच्या वर्षी कड्यात एकही विकुन्या नव्हतं. कडं लहान पडलं, असा साहेबांनी निष्कर्ष काढला. शेजारची गावं जुंपली. मोठ्या कड्यात एक कोल्हा सापडला, तोही म्हातारा. मग हुकूम निघाला: 'कड्यात सापडेल त्या प्रत्येक जिवाच्या अंगावरील विकुन्याची लोकर त्याच दिवशी सरकारजमा करावी.' अंमलबजावणी नीट होते ना, हे पाहायला साहेब स्वतः कड्याच्या मधोमध तंबू ठोकून बसले. अंगात विकुन्याचा झगा, पायात विकुन्याचे मोजे, बुडाखाली विकुन्याची गादी.

पाउकारआजांनी साहेबांकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"पोरांनो, आवळा कडं."

"अरे गाढवांनो, मी आहे मी!"

"हलू नका साहेब, उगाच कातडीला लागेल."

बायकांनी झगा, मोजे, गादी, सगळं उसवलं. साऱ्याची पोती भरली. खाण टळली! मी तर आनंदाने त्या कोल्ह्यालाच मिठी मारणार होतो. आजांनी साहेबांच्या उघड्या पाठीवर थाप मारली.

"जा लेकरा, चरून ये."

खरं सांगायची साहेबांना लाज वाटली. त्यांनी ग्रंथ लिहिला: 'या डोंगरांत जनावरं विपुल, लोकर अमाप, माणसं भोळी.' ग्रंथ तिकडे स्पेनमध्ये फार खपला. तो वाचून आता नवे नवे साहेब येतात, धष्टपुष्ट, उबदार कपड्यांतले. आम्ही हावरटपणा करत नाही. साऱ्यापुरतेच धरतो, कोवळ्यांना हात लावत नाही, आणि सोडून देतो. वरच्या पठारावर विकुन्या पुन्हा दिसू लागलीत.

विकुन्या म्हटल्यावर तुम्हीही मनात विचारलंतच ना, शाल केवढ्याला मिळते म्हणून?

या की. जरा जाडजूड घालून या.