गुरुजींचा चौथा कोअर

भोये गुरुजींना बंद असलेली वस्तू बघवत नाही. दुसरा माणूस एसटीत चढला की आधी जागा बघतो, गुरुजी आधी खिडकी बघतात. एकदा जव्हारहून मोखाड्याला येताना त्यांनी एका गंजलेल्या खिडकीशी डेपोतच झटापट सुरू केली. निम्म्या वाटेत ती उघडली आणि मग काही केल्या लागेना. सगळ्या एसटीभर लाल धूळ. मागच्या बाईने तोंडावर पदर ओढून म्हटलं, "गुरुजी, उघाडली तशी लावून पन द्या ना." गुरुजी तिला शांतपणे म्हणाले, "बाई, ती बंद होती, खराब नव्हती."

"बंद आहे, खराब नाही" हे त्यांचं पालुपद. नोकरीत असताना याच तत्त्वावर त्यांनी एका शाळेतली वर्षानुवर्षं कुलूप लावलेली सामानाची खोली उघडली होती. ती खोली आत मधमाश्यांनी पोळं केल्यामुळे बंद ठेवली आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, नुकत्याच बदलून आलेल्या गुरुजींना तेवढं नव्हतं. त्या दिवशी शाळा फार लवकर सुटली. तेव्हाची मुलं आता बाप्ये झाली, पण बाजारात भेटली की अजून गुरुजींचं नाव मोठ्या प्रेमाने घेतात.

मी पंचायत समितीत कारकून आहे. मोखाड्याच्या अलीकडे एका पाड्यावर आमचं आणि गुरुजींचं घर एकमेकांना लागून आहे. ते मला भाऊसाहेब म्हणतात, आणि कुठलीही बंद वस्तू उघडताना धरायला कुणीतरी लागतं म्हणून मला हाक मारतात. माझी रविवारची दुपारची झोप या माणसाने कायमची मोडली आहे. ती कशी मोडली, तेच सांगायला बसलो आहे.

गुरुजींचा मुलगा दिनेश कॉलेजात असताना त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला. दिनेशनेच सुटे भाग आणून तो जोडला. एका दिवाळीच्या सुट्टीत दिनेशने कुठूनतरी शोध लावला की आपल्या प्रोसेसरला कामाचे भाग, म्हणजे कोअर, चार आहेत, पण चालतात तीनच. चौथा कारखान्यातच बंद करून तो तीनचा म्हणून विकला आहे. काही वेळा तो भाग नासका निघतो म्हणून बंद करतात, काही वेळा चांगला असूनही बंद करतात, कारण स्वस्त मालाला गिऱ्हाईक जास्त असतं. हे ऐकल्यावर गुरुजींचा चेहरा असा झाला, जणू कुणी चार खोल्यांचं घर देऊन एका खोलीची किल्लीच दिली नव्हती.

त्या सुट्टीत बापलेक जेवायलासुद्धा उठेनात. सुरू करताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो, त्यात जाऊन चौथा कोअर मोकळा करायचा, आणि पुन्हा सुरू करून बघायचं. दिनेशची आई, आमच्या सुमनवहिनी, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी तिथेच आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, मेल्या यंत्राला हात लावाल तर आधी हात पुसा. शेवटी एका संध्याकाळी पडद्यावर चारही कोअर दिसले. गुरुजींनी पेढे वाटले. मी पेढा खाताना विचारलं होतं, कशाचे? तर म्हणाले, "चौथा उठला." मला वाटलं घरात कुणी आजारी होतं.

किती छान दिवस होते ते. तो कॉम्प्युटर चार कोअरवर काही महिने पळाला. मग दिनेश नोकरीला ठाण्याकडे गेला, आणि एक दिवस कॉम्प्युटर सुरूच होईना. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. फोनवर दिनेशने सांगितलं की आतल्या पाटीवर एक गोल सेल आहे, तो काढा, थोडं थांबा, परत बसवा. सेल काढला की यंत्र आपण केलेले सगळे बदल विसरतं आणि तीन कोअरवर गुमान चालू होतं. झालंही तसंच. पण तीनवर चालणारा कॉम्प्युटर गुरुजींना चालत नाही. त्यांनी पुन्हा चौथा मोकळा केला. पुन्हा पडदा काळा.

यात आणखी एक अडचण होती. आमच्या पाड्यावर घरात फोनला रेंज येत नाही. ती येते आमच्या परसामागच्या एका मोठ्या दगडावर. सगळा पाडा तिथे चढूनच बोलतो. म्हणजे कॉम्प्युटर गुरुजींच्या घरात आणि दिनेशचा आवाज दगडावर. मग रविवारी दुपारी गुरुजी फोन घेऊन दगडावर उभे, मी त्यांच्या घरात कॉम्प्युटरसमोर, आणि मध्ये आमच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसलेली माझी बायको, निरोप पुढे सरकवायला. "व्होल्टेज एक घर वाढवा" असं गुरुजी ओरडायचे. बायको तेच माझ्याकडे ओरडायची. मी वाढवायचो, काळा पडदा बघायचो आणि तेच उलट पाठवायचो. हळूहळू रस्त्यावरून जाणाऱ्या जीपवाल्यांनासुद्धा या दुखण्याची माहिती झाली. गाडी हळू करून विचारायचे, "गुरुजी, चवथा उठला का नाय?"

एका रविवारी प्रोसेसरवरची वाळलेली पांढरी पेस्ट पुसून नवी लावली. एका रविवारी बाकीचे कोअर आळीपाळीने बंद करून बघितले. एकदा पेन ड्राइव्हवर कसलंसं नवं सॉफ्टवेअर भरून आणायला गुरुजी जव्हारला जाऊन आले. आठवडाभर तो कॉम्प्युटर तीनवर चालतो की पडून असतो, हे मी कधी विचारलं नाही. रविवारी मात्र तो हमखास बंद असायचा.

वहिनी गेल्या, त्यालाही आता बऱ्याच दिवाळ्या झाल्या. त्या होत्या तोवर दिनेशचा फोन आला की गुरुजी म्हणायचे, "हां, आईला देतो." यंत्राचं सोडलं तर बापलेकांचं एवढंच बोलणं. वहिनी दगडावर बसून ठाण्याच्या भाजीच्या भावापासून सगळं विचारून घ्यायच्या. त्या गेल्यावर फोन दोघांच्या हातात नुसता राहिला. मी एकदा ऐकलं आहे. तब्येत? बरी आहे. पाऊस? पडतो आहे. ठेवतो मग. इतकं बोलून गुरुजी दगडावर फोनकडे बघत बसले होते. मला बघवलं नाही, मी परत फिरलो. चौथ्या कोअरचा फोन मात्र तासभर चालतो. मध्येच काय खाल्लं, खोकला गेला का, तेही दिनेश विचारून घेतो. रविवारी दुपारी गुरुजी दगडाकडे निघतात ते इस्त्रीचा सदरा घालून.

हे सगळं दिसत असूनही गेल्या महिन्यात मी कंटाळलो. शेवटी मीही माणूस आहे. ठरवलं, दिनेशला सरळ सांगायचं, बाबा रे, नवीन घेऊन दे आणि आम्हाला सोडव. संधीही चालून आली. गुरुजींचा पाय मुरगळला होता. त्यांना दगड चढवेना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "मी कॉम्प्युटरपाशी बसतो. तुम्ही जा. फोन चुकवू नका, वाट बघत असेल तो."

मी दगडावर चढलो. दिनेशने आधी बाबांचा पाय विचारला, दोनदा विचारला. मग मी माझं सांगून टाकलं.

"घेतलाय, काका," तो म्हणाला. "लॅपटॉप. गेल्या दिवाळीच्या आधीच घेतला. कपाटात ठेवलाय."

"मग दे की आणून."

"नवा आहे ना तो. बिघडणार नाही."

तोच पुढे म्हणाला की तो कोअर नासकाच आहे, कधीच चालणार नाही, हे त्याला केव्हाच कळलं होतं. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी नाद सोडला असता. "मग बोलणार काय आम्ही? आई होती तेव्हा गोष्ट वेगळी होती, काका." म्हणून तो दर आठवड्याला आठवून आठवून एकेक उपाय काढतो आणि रविवारी एकच सांगतो.

मी विचारलं, "मग आज काय सांगू?"

"मेमरीच्या पट्ट्या आहेत ना आत, त्यांच्या जागा बदलून बघायला सांगा. एका वेळी एकच पट्टी."

मी परत निघालो. बायको दारात नव्हती, म्हणून निरोप ओरडायच्या ऐवजी सरळ गुरुजींच्या घराकडे चालत गेलो. त्यांच्या खिडकीशी पोचलो आणि थांबलो. कॉम्प्युटर चालू होता. व्यवस्थित, लख्ख चालू. गुरुजी दुखरा पाय स्टुलावर ठेवून पडद्यावर पत्त्यांचा डाव खेळत होते. गोल सेल टेबलावर नव्हता, पेचकस जागच्या जागी होता. हा गृहस्थ कॉम्प्युटर केव्हा बिघडवायचा आणि केव्हा नीट करायचा हे चांगलंच शिकून बसला होता. मी मुद्दाम चपला वाजवल्या. गुरुजींनी घाईने बंद करायचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. मी आत गेलो तेव्हा ते त्या काळ्या पडद्याकडे फार काळजीने बघत होते.

"काय म्हणाला दिनेश?"

मी म्हटलं, बरा आहे, तुमचा पाय विचारत होता, दोनदा विचारला. गुरुजींनी नुसती मान हलवली आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. मग मी मेमरीच्या पट्ट्यांचं सांगितलं, एका वेळी एकच.

"एका वेळी एकच," गुरुजींनी चष्मा परत चढवला. त्यांचा चेहरा उजळला होता. "मग हे काही एका रविवारचं काम नाही, भाऊसाहेब."

"नाही गुरुजी," मी म्हटलं, "वेळ लागेल."