देवदूताची डागडुजी

देवदूताच्या पंखाचा जरासा टवका उडाला होता. एवढंच. तो तसाच खिडकीत ठेवला असता, तर आज मी गावात मान वर करून फिरलो असतो. पण मला वाटलं, आपणच दुरुस्त करावा. (हे ‘आपणच’ मला जन्मभर नडलं आहे.)

आमच्या या खाणींच्या डोंगरात नाताळचा महिना लागायच्या तोंडावर खिडक्या-खिडक्यांत लाकडी बाहुल्या उभ्या राहतात, दोन्ही हातांत मेणबत्त्या धरून. घरात जितक्या मुली तितके देवदूत, जितके मुलगे तितके काळ्या कपड्यांतले, उंच टोपीचे खाणकामगार. येणारा-जाणारा खिडकी वाचतो आणि पुढे जातो. आमच्याकडे दोन देवदूत. एक थोरल्या लिंडाचा, एक धाकट्या फ्रांकाचा. मुली जन्मल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांनी स्वतः लेथवर कातलेले. सासरे आता नाहीत. लिंडा लग्न होऊन दूर गेली. आणि फ्रांका लायपझिगला शिकायला गेल्यापासून पहिल्यांदाच घरी येत होती. “पपा, बसमधून उतरले की आधी माझा देवदूत दिसला पाहिजे हं,” असं तिनं फोनवर बजावलं होतं.

आणि माळ्यावरून खोका उतरवताना मी नेमका तोच पाडला.

बायको, म्हणजे इनेस, चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. ती परत यायच्या आत काम उरकू म्हणून मी सासऱ्यांच्या शेडमध्ये शिरलो. आमच्या गावात लाकूडकाम न येणारा पुरुष शोधून सापडायचा नाही. सापडलाच तर तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून असतो आणि त्याचं नाव फाल्क असतं. तो मी.

टवका उडालेला पंख मी तासून सारखा केला. तो लहान झाला. म्हणून दुसरा तासला. मग तो लहान झाला. असं करता करता दोन्ही पंख शेवटी अगदी एकसारखे झाले, म्हणजे एकही उरला नाही. पाठीवरचे खुंट घासायला देवदूत शिकंज्यात धरला, तर मुकुट मोडला. टक्कल झाकायला कपाटाची जुनी मूठ टोपी म्हणून चिकटवली. टोपीच्या भारानं तो पुढे कलंडायला लागला. बूड सपाट करावं म्हणून पटाशी मारली, तर झगा मधोमध चिरला आणि दोन पाय दिसायला लागले. चीर झाकायला हाताशी होता तो रंग फासला. हाताशी काळा होता.

दोन पावलं मागे सरून पाहिलं. काळे कपडे, उंच टोपी, दोन पाय. समोर खाणकामगार उभा होता. (आयुष्यात ठरवून इतकी हुबेहूब वस्तू मला कधी जमली नव्हती.) सासऱ्यांच्या कामातले तेवढे मेणबत्ती धरलेले दोन हात शाबूत होते. मी तिथंच भुशात बसलो. रडायलाही येईना.

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. आता सगळ्या गावात दिवे लागणार. एकटीच आमची खिडकी अर्धी ठेवून कसं चालेल? पडद्याआडून काय दिसणार, असं म्हणून मी त्याला लिंडाच्या देवदूताशेजारी उभा केला आणि मेणबत्त्या पेटवल्या.

इनेस घरी आली ती शेजारच्या फ्राऊ उलिष यांना घेऊनच. उलिषबाईंनी नाताळचा केक टेबलावर ठेवला आणि इनेसचे दोन्ही हात धरले.

“इनेस, तुझं मन मोठं गं बाई. माझ्या नवऱ्यानं असं काही केलं असतं ना, तर मी पोराला उंबरा चढू दिला नसता.”

“कुठलं पोर?”

“आता सगळं गाव बघतंय, लपवतेस काय? केवढा आहे तो?”

इनेसनं खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “फाल्क,” ती म्हणाली, “आपल्याला मुलगा कधी झाला?”

मी तोंड उघडणार इतक्यात दार उघडलं. दारात फ्रांका, बॅग खांद्यावरच.

“पपा, मी कुठाय?”

ती खिडकीतल्या दोन बाहुल्यांकडे बघत होती. उलिषबाईंची सगळी चौकशी मी सोसली असती, पण हे नाही सोसवलं. मी पंखापासून पटाशीपर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं. उलिषबाईंनी मेणबत्त्या फुंकून खाणकामगार उचलला आणि उलटापालटा केला.

“हा तुम्ही केलात? मग दुसऱ्या बाईची भानगड नाहीच म्हणायची. असल्या भानगडीलाही थोडी अक्कल लागते.” आणि जरा हिरमुसून त्या गेल्या.

फ्रांकानं त्याच्या हातांवरून बोट फिरवलं. “हे आजोबांचेच आहेत,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

“रडू नकोस राणी, मी आत्ता नवा...”

“हात लावू नकोस!” मायलेकी एकदमच ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी इनेसच्या चुलतभावानं नवा देवदूत कातला आणि आजोबांचे हात अलगद सोडवून त्याला बसवले. फ्रांका त्याला उराशी धरून खिडकीपर्यंत घेऊन गेली. माझा खाणकामगार चुलीत जाईल असं मला वाटलं होतं. पण इनेसनं त्याला पुसला आणि दोन देवदूतांच्या शेजारी तिसरा म्हणून उभा केला. हात नसल्यामुळे त्याला मेणबत्ती काही धरता येत नाही.

संध्याकाळी उलिषबाई खिडकीखाली थबकल्या. “अगं, हा तिसरा कोण मग?”

“आमचा फाल्क,” इनेस म्हणाली.

बाईंनी मान वर करून त्याला नीट न्याहाळलं, हात नसलेल्या दंडांपाशी नजर थांबवली, आणि म्हणाल्या, “हां, आता बरोबर आहे.”