सहा वाजताची हजेरी

आमच्या कुंडलमध्ये कोंबड्याच्या आधी आबा हवालदार ओरडतात, आणि तेही माझ्या उशाशेजारच्या मोबाईलमधून. "गुरुजी, हजर?" सकाळी सहाला. 'हजर'चं बटण दाबेपर्यंत ते गप्प बसत नाहीत. नाहीच दाबलं, तर त्यांच्या फोनवर माझं नाव लाल होतं.

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस ऊस बघेल, पारावर बसेल. यांनी साठी उलटल्यावर रंगीत ठोकळे जोडून ॲप बनवायची, शाळकरी पोरांसाठीची सोपी भाषा शिकून घेतली. "ठोकळा सांगितल्यालं ऐकतो. मान्सागत फाटं फोडत न्हाई," म्हणतात. मग 'बघू जरा' म्हणत अकरा जणांच्या फोनमध्ये ही हजेरी घातली, कुणालाही न विचारता.

मी जन्मभर पोरांची हजेरी घेतली. आता माझीच कुणी घ्यावी? 'रजेवर' असं एक बटण तरी द्या म्हटलं, तर अर्जाशिवाय रजा नाही म्हणाले. लोणंदला भाचीच्या लग्नघरी फोन ओरडला आणि सैन्यातले दोन पाहुणे झोपेतच ताडकन उभे राहिले. बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही.

परवा संतापून फोन बंदच करून टाकला. सव्वासहाला दारावर धाडधाड. उघडलं तर आबा. अंगात बनियन, पायात एकच चप्पल, हातात पहार.

तोंडाला येईल ते बोललो. ते पायरीवर बसले. पहार बाजूला ठेवली.

"खंडाळ्याचा माजा जोडीदार घरात पडला," ते म्हणाले. "एकलाच हुता. तिसऱ्या दिवशी दार फोडलं. तवर संपलं हुतं."

तेव्हा कळलं, अकराही जण एकटे राहणारे. मुलगा पुण्याला गेल्यापासून मीही त्यातलाच. त्यांच्या फोनमधली यादी बघितली. तिच्यात आबांचंच नाव नव्हतं. बायको गेल्यापासून तेही एकटेच की!

"माजी हजेरी कोन घेनार, गुरुजी?"

आता मात्र माझं डोकंच फिरलं. तिथंच बारावं नाव घालायला लावलं, आणि फोन तोंडाशी धरून जमेल तितक्या रागाने माझा आवाज भरला. त्यांनी लावून बघितला. "आबा, हजर?" फोन ओरडतच राहिला.

"दाबा की बटण," मी खेकसलो.

"वराडू द्या जरा," आबा म्हणाले. "घरात कुनी हाक मारून चार वर्सं झाली."